एकच गाडी, दोन ड्रायव्हर

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मु. महागाव, जि. यवतमाळ)

मित्रांनो, सुरुवात एका कबुलीने करतो.

माझा रूममेट आणि मी, दोघेही महागावचे. दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलो. दोघांच्या टक्क्यांत फार तर दोन-तीनचा फरक असायचा. दहावीनंतर मी अकरावी-बारावी करून सीईटी दिली, तो पॉलिटेक्निकला गेला. तीन वर्षांनी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला याच कॉलेजात आला आणि माझ्याच खोलीत पलंग टाकला. तीच मेस, तेच सर, तीच झेरॉक्स नोट्स. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला. मी ऑल क्लिअर. त्याचे तीन विषय राहिले, त्यात एम-थ्री बत्तीस मार्कांच्या फार खाली.

त्याच आठवड्यात मी गावी गेलो. महागावच्या स्टँडवर उतरलो तर त्याचे वडील भेटले. म्हणाले, "काहून राहिले गा त्याचे तीन विषय?" मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "काका, हुशार आहे तो. पण त्याचं मनच नाही अभ्यासात." काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मन नसंल त मंग वावरात तरी येऊ दे. तिथं माणूस भेटून नाही राह्यला."

मी बोललो ते एका वाक्यात, पण त्या वाक्यावर एका पोराचं इंजिनीअरिंग सुटायची वेळ आली होती. ते वाक्य खरं होतं का, हा प्रश्न मला पडला तो फार नंतर, आणि पडला तोही अभ्यासामुळे नाही तर गाड्यांच्या शर्यतींमुळे! हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये क्रिकेटवाल्यांशी भांडून आम्ही चार-पाच जण जे रेसिंग बघतो, त्याची ही गोष्ट.

जोडीदार की पहिला प्रतिस्पर्धी?

आपल्या भागातल्या पोरांना शर्यत म्हटलं की आधी शंकरपट आठवतो. मध्ये २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पट बंद होते, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि पुन्हा सुरू झाले. पटात बैलजोडी पळते. दोन्ही बैलांच्या मानेवर एकच जू. एक मागे राहिला की दुसऱ्याचाही वेळ जातो. जिंकते ती जोडी, हरते ती जोडी.

मोटर रेसिंगमध्ये नेमकं उलटं आहे. फॉर्म्युला वन असो की तिच्या खालची फॉर्म्युला टू, एका टीमच्या दोन गाड्या असतात आणि दोन ड्रायव्हर. टीमला दोघांचे गुण मिळून लागतात, पण प्रत्येक ड्रायव्हर स्वतःच्या नावावर खेळतो. बाकी सगळ्यांच्या बाबतीत तुम्ही म्हणू शकता, "त्याची गाडी चांगली होती." जोडीदाराच्या बाबतीत ही पळवाट नाही. त्याच्याकडेही तुमचीच गाडी. म्हणून या खेळात म्हण पडली आहे की ज्याला सगळ्यात आधी हरवायचं तो तुमचा टीममेट.

म्हणजे टीममेट ही या खेळातली फूटपट्टी. आता प्रश्न असा की ही फूटपट्टी मोजते काय? वेग? मेहनत? जिद्द? की आणखी काही? उत्तरासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका पोराचं उदाहरण घेऊ.

मुंबईचा जेहान, जपानचा युकी

जेहान दारूवाला. जन्म १ ऑक्टोबर १९९८, मुंबई. कार्टिंग सुरू केलं ते तेराव्या वर्षाच्या आसपास, मुंबईतच. या खेळात हे उशिरा आहे, युरोपातली पोरं पाच-सहा वर्षांची असताना कार्टमध्ये बसतात. फोर्स इंडिया टीमने भारतभरातून पोरं शोधण्यासाठी 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची स्पर्धा घेतली होती, त्यात निवडलेल्या तिघांपैकी तो एक. पुढे युरोपात गेला. २०१७ मध्ये न्यूझीलंड ग्रां प्री जिंकला. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीमध्ये प्रेमा या तगड्या इटालियन टीमकडून १५७ गुण मिळवून तिसरा आला.

युकी त्सुनोडा. जन्म ११ मे २०००, जपानमधलं सागामिहारा. होंडाच्या पंखाखाली वाढलेला. २०१८ मध्ये जपानची फॉर्म्युला फोर जिंकली आणि २०१९ मध्ये तोही युरोपात फॉर्म्युला थ्रीमध्ये आला. टीम मिळाली येन्झर, म्हणजे मधल्या फळीतली. गुण ६७, क्रमांक नववा.

आता २०१९ च्या शेवटी कुणालाही विचारलं असतं की दोघांत भारी कोण, तर उत्तर सरळ होतं. एक तिसरा, एक नववा. कुठे १५७, कुठे ६७.

२०२० मध्ये दोघेही फॉर्म्युला टूमध्ये चढले. दोघेही रेड बुलच्या ज्युनियर कार्यक्रमात, म्हणजे दोघांच्या डोळ्यांसमोर दार एकच, फॉर्म्युला वनचं. आणि टीमही एकच, इंग्लंडची कार्लिन. एकाच गोठ्यातल्या दोन गाड्या. मोजमापाला याहून चांगला प्रयोग कुठला?

कोरोनामुळे मोसम जुलैत सुरू झाला. बारा ठिकाणी मिळून चोवीस शर्यती झाल्या. शेवटी हिशेब असा:

त्सुनोडा – २०० गुण, तिसरा क्रमांक, ३ विजय.
दारूवाला – ७२ गुण, बारावा क्रमांक, १ विजय.

त्सुनोडाला मोसमातल्या सर्वोत्तम नवोदिताचा आँत्वान ह्युबेर पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो अल्फाटॉरीकडून फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. दारूवाला फॉर्म्युला टूमध्येच राहिला.

म्हणजे एका वर्षात पारडं पूर्ण फिरलं. वर्षभरापूर्वीचा पुढारी मागे, मागचा पुढे. आपल्या टीव्ही रूममध्ये तेव्हा जे ऐकू आलं असतं ते मला माहीत आहे: "जेहानमध्ये ती आग नाही रे." हेच ते वाक्य! "मनच नाही त्याचं."

गाडी एकच, मग फरक कुठून?

इथे थोडं यंत्रशास्त्र लागेल. इतर शाखांच्या मित्रांनी सहन करावं.

फॉर्म्युला थ्रीची गाडी साधारण ३८० अश्वशक्तीची, टर्बो नसलेली. फॉर्म्युला टूची ६२० अश्वशक्तीची, टर्बोवाली. ॲक्सिलरेटर दाबला की टर्बो भरायला क्षणभर वेळ घेतो आणि मग ताकद एकदम येते. ती कधी येणार हे पायाला आधीच कळावं लागतं. वळणातून बाहेर पडताना पाव सेकंद लवकर दाबलं तर मागची चाकं फिरतात, उशिरा दाबलं तर समोरचा निघून जातो.

दुसरी गोष्ट टायरची, आणि ती फार महत्त्वाची. २०२० मध्ये फॉर्म्युला टूने तेरा इंची चाकं सोडून अठरा इंची आणली. (फॉर्म्युला वनमध्ये ती २०२२ ला आली.) चाक मोठं झालं पण टायरचा बाहेरचा व्यास त्या प्रमाणात वाढला नाही, म्हणजे टायरची भिंत बुटकी झाली. आता आपल्या मशीन डिझाइनमधलं आठवा. टायरची भिंत म्हणजे एक स्प्रिंग, सस्पेन्शन म्हणजे दुसरी, आणि दोन्ही सिरीजमध्ये. एक ताठ झाली की दबण्याचं सगळं काम दुसरीवर येतं. गाडीचा स्वभावच बदलतो. जुन्या टायरवर गाडी घसरायच्या आधी जरा डोलायची, ड्रायव्हरच्या कमरेला इशारा मिळायचा. नव्यात तो इशारा उशिरा आणि झटक्यात.

तिसरी गोष्ट तापमानाची. रबराची पकड ठराविक तापमानाच्या पट्ट्यातच चांगली असते. थंड असेल तर टायर घसरतो, फार तापला तर वरचा थर सुटायला लागतो. पिरेलीचे हे टायर मुद्दाम झिजतील असेच बनवलेले असतात. म्हणजे सगळ्यात जोरात पळणारा जिंकत नाही, शेवटच्या पाच फेऱ्यांसाठी टायर शिल्लक ठेवून जोरात पळणारा जिंकतो. त्यात फॉर्म्युला थ्रीत नसलेला सक्तीचा पिट स्टॉप इथे २०२० मध्ये शनिवारच्या मोठ्या शर्यतीत असायचा.

आणि हे सगळं शिकायला वेळ किती? शुक्रवारी ४५ मिनिटांचा सराव, मग ३० मिनिटांची पात्रता फेरी. बस्स! सोमवारी नवीन युनिट शिकवून त्याच संध्याकाळी त्यावर पेपर घ्यावा, तसं.

आता समजा दोन ड्रायव्हर आहेत. एकाची सवय अशी की वळणात शिरतानाही ब्रेक थोडा दाबून ठेवायचा, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर राहतं आणि गाडीचं नाक पटकन वळतं. दुसरा ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवतो आणि मग मऊपणे वळवतो. दोघेही वेगवानच. पण एखाद्या गाडीचं मागचं टोक हलकं असेल तर ती पहिल्याला आवडेल आणि दुसऱ्याला भीती घालेल. पुढच्या वर्षी टायर बदलला की कदाचित उलटं होईल. म्हणजे 'एकच गाडी' हे कागदावर खरं. हातात आल्यावर ती दोघांसाठी दोन गाड्या असतात.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. जोडीतला एक बैल उजवीकडचा असतो, एक डावीकडचा. उजवीकडच्याला डावीकडे जुंपून बघा. तोच बैल, तीच ताकद, तोच नांगर, पण तास वाकडं जाणार. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. त्याला सवय व्हायला चार दिवस देतात. पटावर मात्र चार दिवस कुणी देत नाही, आणि रेसिंगमध्येही नाही.

टीमकडे यावर एक औषध असतं, टेलिमेट्री. प्रत्येक फेरीत ब्रेक कधी दाबला, किती दाबला, ॲक्सिलरेटर, स्टिअरिंगचा कोन, सगळ्याच्या रेषा कॉम्प्युटरवर उमटतात. जोडीदाराची रेषा आपल्या रेषेवर ठेवून बघता येते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची उत्तरपत्रिका तुमच्यासमोर उघडी! पण 'तो इथे पाच मीटर उशिरा ब्रेक मारतो' हे दिसणं वेगळं आणि ताशी अडीचशेच्या वेगात आपला पाय ते ऐकणं वेगळं. दहा वर्षांत पायाला लागलेली सवय दहा मिनिटांत मोडायची असते. जुळवून घेणं म्हणजे हे काम. त्यात हुशारी लागते तसाच थोडा कमीपणाही घ्यावा लागतो, आपली पद्धत चुकीची असू शकते हे मानण्याचा.

आकडे नीट वाचायचे तर

२०२० मध्ये त्सुनोडा नव्या गाडीशी लवकर जुळला, यात वाद नाही. ऑस्ट्रियातल्या दुसऱ्या आठवड्यातच पावसात त्याने पहिल्या जागेवरून सुरुवात करून आघाडी घेतली होती. रेडिओ बिघडल्यामुळे पिटची सूचना वेळेवर पोहोचली नाही आणि विजय हुकला. पुढे सिल्व्हरस्टोन, स्पा आणि साखीर इथे तो जिंकला.

पण दारूवालाचं काय? मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ६ डिसेंबर २०२० ला, साखीरच्या छोट्या शर्यतीत तो पहिला आला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. दुसरा कोण होता? त्याचाच जोडीदार त्सुनोडा.

आता प्रामाणिकपणे वाचू. रविवारच्या छोट्या शर्यतीत शनिवारचे पहिले आठ उलट्या क्रमाने उभे करायचे. शनिवारी त्सुनोडा जिंकला होता, म्हणून रविवारी तो आठव्या जागेवर उभा होता आणि तिथून दुसरा आला. म्हणजे त्या एका निकालावरून 'दारूवालाने त्सुनोडाला हरवलं' असा ढोल वाजवणं बरोबर नाही. पण उरलेलंही तितकंच खरं. आघाडी घेतल्यावर मागून येणाऱ्या, त्या मोसमातल्या सगळ्यात गरम ड्रायव्हरला शेवटपर्यंत मागे ठेवायचं तर टायर सांभाळावे लागतात. जुलैत न जमलेली गोष्ट डिसेंबरात जमली. जुळवून घेणं उशिरा झालं, पण झालं.

पुढची वर्षं आणखी मजेशीर आहेत. २०२१ मध्ये कार्लिनमध्ये दारूवालाचा नवा जोडीदार डॅन टिकटम. टिकटम १५९.५ गुणांसह चौथा, दारूवाला ११३ गुणांसह सातवा. अंतर कमी झालं. २०२२ मध्ये दारूवाला प्रेमात गेला. जोडीदार डेनिस हाउगर, आदल्या वर्षीचा फॉर्म्युला थ्री विजेता. या वेळी दारूवाला १२६ गुणांसह सातवा आणि हाउगर ११५ गुणांसह दहावा. त्याच वर्षी मॉन्झाला दारूवालाने शनिवार-रविवारातली मोठी शर्यत जिंकली, जिथे उलटा क्रम वगैरे काही नसतो. आणि २०२३ मध्ये हे दोघेही प्रेमा सोडून एमपी मोटरस्पोर्ट या टीममध्ये गेले, पुन्हा एकमेकांचे जोडीदार झाले, आणि पुन्हा पारडं फिरलं. हाउगर पुढे, दारूवाला मागे!

तीच दोन माणसं. एका टीममध्ये एक पुढे, दुसऱ्या टीममध्ये दुसरा. मग 'जिद्द जास्त कोणात' याचं उत्तर वर्षागणिक बदलतं का? जिद्द अशी गाडीबरोबर बदलत नसते. बदलतं ते माणसाचं आणि गाडीचं जुळणं. फूटपट्टी मोजते ती हीच गोष्ट.

आणखी एक. फूटपट्टी कुणाची हेही बघायला हवं. २०१७ मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये कार्लिनमध्येच दारूवालाचा जोडीदार होता लँडो नॉरिस. नॉरिस त्या वर्षी विजेता झाला, दारूवाला सहावा. तोच नॉरिस २०२५ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. ज्याच्या शेजारी उभं राहून उंची मोजायची तो माणूसच ताडासारखा असेल तर कुणीही बुटका दिसणार.

मग जिद्दीचं काय?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जिद्दीला काही अर्थच नाही का? आहे, भरपूर आहे. पण ती बाहेरून दिसते तिथे नसते.

पियर गास्लीचं बघा. २०१९ मध्ये रेड बुलच्या मुख्य टीममध्ये व्हर्स्टॅपनचा जोडीदार झाला. व्हर्स्टॅपनला गाडी अशी लागते की नाक सुईसारखं वळलं पाहिजे, मागचं टोक निसटलं तरी चालेल. गास्लीला ती जमेना. अर्ध्या मोसमातच, ऑगस्टमध्ये त्याला खालच्या टोरो रोसो टीममध्ये परत पाठवलं. त्याच नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये, तुलनेने हलक्या टीमच्या गाडीत, तो दुसरा आला. पुढच्या वर्षी मॉन्झाला जिंकला. तीन महिन्यांत माणूस गाडी चालवायला शिकत नाही आणि विसरतही नाही. आणि जिद्द म्हणाल तर हाकलून दिल्यावर ती वाढली असेल असंही नाही, मुळात होतीच. ती टेकवायला जागा मिळाली, इतकंच.

डॅनियल रिकार्डोचं उलट झालं. नावाजलेला माणूस, २०२१ ला मॅकलारेनमध्ये आला. त्याच्या सवयीची ब्रेकिंगची पद्धत त्या गाडीला चालेना. जोडीदार नॉरिसचे १६० गुण, त्याचे ११५. तरी मॉन्झाला जिंकला तोच, मॅकलारेनचा २०१२ नंतरचा पहिला विजय! पण २०२२ मध्ये नॉरिस १२२ आणि रिकार्डो ३७. करार एक वर्ष आधीच संपला. हसरा चेहरा हळूहळू मावळताना सगळ्यांनी पाहिला आणि म्हणाले, त्याची भूक संपली. मला उलटं वाटतं. वर्षभर डोकं आपटूनही गाडी ऐकत नसेल तर भूक कुणाची राहील? न जमणं आधी आणि मन उडणं नंतर. आपण लोक क्रम उलटा लावतो.

जिद्दीचं खरं उदाहरण हवं तर निको रोझबर्ग. मर्सिडीजमध्ये लुईस हॅमिल्टनचा जोडीदार. दोघे लहानपणी कार्टिंगमध्येही एका टीममध्ये होते. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं हॅमिल्टन विजेता. २०१६ मध्ये रोझबर्ग ३८५, हॅमिल्टन ३८०. हॅमिल्टनने जास्त शर्यती जिंकल्या, दहाला नऊ, पण विजेतेपद रोझबर्गचं. आणि शेवटच्या शर्यतीनंतर पाच दिवसांनी रोझबर्ग निवृत्त झाला! पुन्हा तेवढं देणं होणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जिद्द ही टाकीतल्या इंधनासारखी आहे. असते, पण खर्चही होते. एखादा थांबला तर त्याच्यात ती नव्हती असं नाही, कदाचित त्याने सगळी वापरून टाकली असेल.

आणि आपल्या त्सुनोडाचं पुढे काय झालं? २०२१ मध्ये फॉर्म्युला वनच्या पहिल्याच शर्यतीत गुण मिळवले, पण मग गाडी आपटणं, रेडिओवर ओरडणं सुरू झालं. जोडीदार पुन्हा गास्ली: गास्ली ११० गुण, त्सुनोडा ३२. टीमने त्याला इंग्लंडमधून उचलून इटलीत फाएन्झाला, कारखान्याशेजारी राहायला नेलं. रोजचा व्यायाम, रोज इंजिनीअरांसोबत बसणं. त्याच वर्षी शेवटच्या शर्यतीत तो चौथा आला. पुढे सावकाश पक्का होत गेला. २०२५ मध्ये रेड बुलने दोनच शर्यतींनंतर लियाम लॉसनला काढून त्सुनोडाला व्हर्स्टॅपनशेजारी बसवलं. आणि तिथे? व्हर्स्टॅपन अवघ्या दोन गुणांनी जगज्जेतेपद हुकलेला, ४२१ गुण. त्सुनोडाचे वर्षभरात तीसेक. मोसम संपता संपता त्याची जागा दुसऱ्याला देण्यात आली.

ज्याने २०२० मध्ये नव्या गाडीशी झटकन जुळवून घेऊन जेहानला मागे टाकलं, त्याच माणसाला २०२५ मध्ये एक गाडी जुळली नाही. तेव्हा कुणी म्हणालं असेल, "युकीमध्ये ती आग नाही रे." चक्र पूर्ण झालं!

दारूवालाला फॉर्म्युला वनची शर्यत मिळाली नाही, पण २०२२ मध्ये मॅकलारेनची फॉर्म्युला वन गाडी चाचणीत चालवली, आणि २०२३-२४ च्या मोसमात मासेरातीकडून फॉर्म्युला ई मध्ये, म्हणजे विजेच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरला. तिथे गाडी वेगळी, ब्रेक लावतानाही बॅटरी भरायची, रस्ते शहरातले. म्हणजे पुन्हा एकदा शून्यापासून शिकणं, आणि तिथेही ते सोपं गेलं नाही. पण ज्याचं 'मन नाही' तो माणूस दरवेळी नव्या गाडीत, नव्या जोडीदाराशेजारी, हरायची तयारी ठेवून बसत नाही. जिद्द मोजायचीच असेल तर मी तिथे मोजेन: पुन्हा बसायला तयार आहे का, आणि जोडीदाराची रेषा उघडून बघतो का.

पुन्हा आमची खोली

हे सगळं डोक्यात जुळत गेलं तसा मी माझ्या रूममेटकडे नव्याने बघायला लागलो. डिप्लोमावाल्यांनी बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं गणित आपल्यासारखं केलेलं नसतं. मला लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे एम-वन, एम-टूची पुढची पायरी वाटली. त्याला ती जिनाच नसलेल्या घराचा दुसरा मजला वाटली असणार. रात्री दोनला त्याचा टेबल लॅम्प चालू असायचा आणि मी पांघरूण ओढून कुरकुरायचो. तो काय वाचत होता ते मी कधी बघितलं नव्हतं. बघितलं तर बारावीचं इंटिग्रेशनचं पुस्तक!

आणि वर्कशॉपमध्ये? तिथे पारडं उलटं. लेथवर मी हात लावला की सर लांब उभे राहायचे. तो डोळे मिटून टूल सेट करतो. बाजाच्या गाडीचं, म्हणजे आपल्या कॉलेजच्या ऑफ-रोड गाडीचं काम सुरू झालं तेव्हा रोल केजच्या पाइपला नॉच मारायला मला तीन तास लागले. त्याने वीस मिनिटांत दाखवला. तेव्हा तो माझ्याबद्दल कुणाला म्हणाला नाही की 'याचं मनच नाही वर्कशॉपमध्ये'. म्हणाला, "हात सैल सोड, फाइल तिचं काम करते."

मग आम्ही आमची टेलिमेट्री सुरू केली. रात्री जेवण झाल्यावर एकाच गणितावर दोघांच्या वह्या शेजारी ठेवायच्या. तो कुठल्या पायरीवर अडकतो ते दिसायला लागलं. गंमत म्हणजे मी कुठे पाठांतरावर पुढे सरकतो तेही दिसलं, कारण तो प्रत्येक पायरीला "काहून?" विचारायचा आणि मला सांगता यायचं नाही. तिथे मला कमीपणा घ्यावा लागला.

चौथ्या सेमिस्टरला त्याचे तिन्ही बॅक निघाले नाहीत. दोन निघाले, एम-थ्री राहिला. पुढच्या वेळी तोही निघाला, काठावर का होईना. कथेत असतं तसा तो कॉलेजात पहिला वगैरे आला नाही.

यंदा पोळ्याला आम्ही दोघे एकाच गाडीने गावी गेलो. काका बैलांना बेगड लावत बसले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, मागच्या वेळी मी चुकीचं बोललो होतो. त्याचं मन होतं. जुंपायची बाजू बदलली होती, म्हणून जड गेलं." काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोराकडे, आणि म्हणाले, "मंग असं सांगायचं ना गा आधी. हे त मले समजते."

तर मित्रांनो, आणि सरांनाही विनंती आहे, पुढच्या निकालाच्या वेळी नोटीस बोर्डासमोर उभं राहून कुणाबद्दल "याला करायचंच नाही" असं तोंडात आलं, तर एक मिनिट थांबा. तो कुठल्या गाडीतून उतरून या गाडीत बसलाय ते आधी विचारा. आणि जमल्यास आपली वही त्याच्या वहीशेजारी ठेवून बघा.

आता जातो. टीव्ही रूममध्ये रविवारची शर्यत लागायची वेळ झाली आहे आणि रिमोट अजून क्रिकेटवाल्यांकडे आहे!